हवा किती ठेवलीस?

आषाढ संपत आला होता. त्या दिवसांत साताऱ्यात सायकलच्या दुकानाला फारसं काम नसतं. शाळकरी पोरांच्या सायकली घरात उभ्या असतात, आणि आमच्याकडे आलंच तर गंजलेल्या चेनचं किंवा ब्रेकच्या केबलचं काम येतं. दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी काढलेलं. सुरुवातीला आठ सायकली तासाच्या भाड्यानं देत. आता दुकान मी चालवतो, पण सकाळी दहाला अण्णा येतात, बाकावर बसतात आणि गिऱ्हाइकांशी बोलतात. किर्लोस्करांच्या एवढ्या मोठ्या उद्योगाची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून झाली, ही गोष्ट त्यांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितली आहे की सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या हाताविषयीचा आदर मला घरातच मिळाला.

तो पोरगा आला तेव्हा पावसाची झड चालू होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असेल. उजव्या गुडघ्याला पट्टी, खांद्यावर दोन टायर आणि बाहेर भिंतीला टेकवलेली चांगल्यातली माउंटन बाइक.

"काका, हे टायर कुणाला तरी विकून टाका," तो म्हणाला, "आणि मला याच्यापेक्षा भारी मागवून द्या. पैशांचं बघतो मी."

खांद्यावरचे टायर म्हणजे सायकलीबरोबर आलेली मूळ जोडी. तिच्यावरची बटनं, म्हणजे नक्षीचे रबरी उंचवटे, बारीक आणि जवळजवळ. सायकलीवर मात्र दुसरीच जोडी चढवलेली होती. शहरातल्या एका मोठ्या दुकानातून आणलेली, उंच आणि लांब लांब बटनांची, खास चिखलासाठी केलेली. जोडीला नऊ हजार पडले होते. दोन महिने सकाळ-संध्याकाळ शिकवण्या घेऊन त्यानं ते साठवले होते.

हकिकत अशी. कासच्या बाजूच्या पठाराच्या कडेवरून खाली शिवाराकडे उतरणारी एक जुनी वाट आहे. पूर्वी दूधवाले आणि बाजारकरी तिनं ये-जा करत. ती पूर्ण सायकलवरून उतरायची, असं त्यानं मनात घेतलं होतं. जूनमध्ये मूळ टायरवर उतरला, तेव्हा खालच्या पाणंदीत काळ्या मातीनं चाकं इतकी भरली की फ्रेममध्ये अडकून फिरेनाशी झाली. दोष टायरचा. मग चिखलाचे टायर आणले. आठ दिवसांपूर्वी त्यांच्यावर बसून निघाला, तर चिखल लागायच्या कितीतरी आधी, वरच्या ओल्या कातळावर पुढचं चाक असं गेलं की गुडघ्याला चार टाके पडले. दोष पुन्हा टायरचाच.

"मला सगळीकडे धरून राहणारा एक टायर पाहिजे," तो म्हणाला. "असेलच ना कुठेतरी?"

अण्णा इतका वेळ ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "हवा किती ठेवलीस?"

"माहीत नाही. पंपावर भरून घेतो. पंक्चर नको म्हणून टणक करायला सांगतो."

अण्णांनी मान हलवली. "रविवारी सकाळी ये. सायकल घेऊन ये, पण बसायचं न्हाई. ढकलत जायचं."

तो माझ्याकडे पाहायला लागला. टायर विकत घ्यायला आलेल्या माणसाला डोंगर चालायला सांगणारं दुकान त्यानं पाहिलं नसावं. पण आला, आणि रविवारी पाऊस उघडलाही होता. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर, म्हणून मीही निघालो.

वाट खालून सुरू केली. पहिला तुकडा पाणंदीचा, दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे काळी माती. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. पावसात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि जे पायाखाली येईल त्याला बिलगते. दहा पावलांत आमच्या चपलांना चिखलाचा दुसरा तळ आला. पोरगा सायकल ढकलत होता. अण्णांनी त्याला थांबवून मागचं चाक उचलून फिरवायला सांगितलं. चाक फिरलं, आणि उंच बटनांच्या मधल्या रुंद जागेतून मातीचे गोळे सुटून भिरभिरत लांब पडले.

"बघितलंस? इथं ह्यो टायर खरा," अण्णा म्हणाले. "तुझे पैसे काय पाण्यात गेले न्हाईत."

पोराचा चेहरा उजळला. दोन महिन्यांच्या कमाईला कुणीतरी पहिल्यांदाच बरं म्हणालं होतं.

पुढं भातखाचरं लागली. एका खाचरात चिखलणी चालू होती. हल्ली बहुतेकांकडे पॉवर टिलर असतो, पण त्या माणसाकडे अजून बैलजोडी होती. अण्णा बांधावर उभे राहिले आणि पोराला म्हणाले, "खुराकडं बघ." बैलाचा पाय चिखलात जाताना खुराचे दोन भाग फाकत, आणि वर येताना पुन्हा जवळ येत. फाकलेल्या खुराला रुतल्यावर आधार मिळतो, आणि मिटताना फटीतून हवा शिरते, त्यामुळे पाय ओढून काढायला जड जात नाही. घोड्याचा अखंड खूर त्याच चिखलात चोखल्यासारखा धरून बसतो. पोरगा बराच वेळ पाहत राहिला. मग वाकून स्वतःच्या टायरच्या बटनांमधल्या फटीत बोट घालून पाहू लागला.

"ह्याला पत्र्या न्हाईत," अण्णा म्हणाले. "ऊस वाहणाऱ्या बैलाला बघ, चारी पायांना पत्र्या. त्याला डांबरावर चालायचंय. पत्री मारणारा माणूस आधी विचारायचा, बैल चालणार कुठं? मग हातोडी उचलायचा."

टायरच्या निवडीविषयी मी बरंच वाचलं आहे, कंपन्यांची माहितीपत्रकं पाठ केली आहेत, पण 'चालणार कुठं?' हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारलेला मला आठवत नाही. आम्ही दुकानदारही गिऱ्हाइकाला 'बजेट किती?' असंच आधी विचारतो. मला वाटतं, आमचा हा क्रम चुकतो.

खाचरं संपली आणि चढ लागला. इथून मुरूम. सह्याद्रीचा काळा दगड उन्हापावसानं कुजून त्याची जी भुरभुरीत खडी होते, ती. अण्णांनी पोराला चवड्यावर उभं राहून पाय पिळायला सांगितला. पाय सर्रकन फिरला.

"फरशीवर ज्वारी सांडल्यासारखं होतंय," तो म्हणाला.

"आता टाचेनं उकर."

वरचे दाणे बाजूला झाले आणि बोटभर खाली घट्ट, दाबून बसलेली जमीन लागली. मी त्याला म्हटलं, मुरमावर टायरचं काम एवढंच असतं. वरचे घरंगळणारे दाणे बाजूला सारून खालच्या घट्ट थरात धार रोवायची. त्याला मध्यम उंचीची, धारदार कडांची, बुंध्याशी भक्कम बटनं लागतात. फार बुटकी बटनं दाण्यांवरच तरंगतात. फार उंच आणि सुटी असली तर घट्ट जमिनीवर वाकतात, आणि वळणावर सायकल आपल्या खालून हलल्यासारखी वाटते. "हो!" तो एकदम म्हणाला. "तसंच वाटतं! मला वाटायचं रिमची आउट गेली असेल." रिम सरळ होती. ते मी तो दुकानात आला त्याच दिवशी पाहून ठेवलं होतं.

वळणाबद्दल त्याला आणखी एक सांगावं लागलं, कारण ते बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सायकल सरळ उभी असते तेव्हा टायरच्या मधल्या ओळी जमिनीला लागतात, आणि चढायला किंवा ब्रेकला त्याच उपयोगी पडतात. सायकल कलली की भार कडेच्या बटनांवर जातो. घसरून पडणारा माणूस बहुतेक वेळा कडेच्या बटनांपाशी पडतो. त्यातही पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. मागचं घसरलं तर सायकल थोडी शेपूट हलवते आणि माणूस वाचतो. म्हणून पुढचा आणि मागचा टायर एकच असला पाहिजे असं नाही. पुढचा जास्त धरणारा, मऊ रबराचा, कडेला भक्कम बटनांचा असावा. मागचा थोडा कमी बटनांचा, हलका फिरणारा आणि कडक रबराचा चालतो, कारण पायडलचा जोर आणि अंगाचा बराचसा भार त्याच्यावर येतो आणि तो लवकर झिजतो.

मग कातळ आला. ओला, काळा आणि तुकतुकीत. अण्णांनी चपला काढल्या आणि पोरालाही बूट काढायला लावले. बुटात तो कातळावर बिचकत चालत होता. अनवाणी झाल्यावर पाय आपोआप पसरला, बोटांनी दगडाच्या बारीक खळग्या शोधल्या आणि त्याचं चालणं सुधारलं.

"तळपाय काय बटनाचा हाय का?" अण्णांनी विचारलं.

मी त्याला त्याच्या टायरचं एक बटन अंगठ्यानं दाबायला सांगितलं. ते आडवं झालं. दगडात काही रुतत नाही. तिथं उंच बटनांची फक्त टोकं दगडाला लागतात, आणि तीही भार आला की मुडपतात. कातळावर टायरनं रुतायचं नसतं, दगडाच्या आकारावर पसरायचं असतं. त्याला मऊ रबर लागतं, आणि आत हवा बेताची लागते. मऊ रबराचा टायर दगडाच्या बारीक खडबडीवर चिकटून बसतो, पण लवकर झिजतो, आणि डांबरावर ओढल्यासारखा चालतो. टायरच्या निवडीत एक मिळवायला गेलं की दुसरं द्यावं लागतं. हे माहीत असूनही तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगणारे विक्रेते थोडे, याचं मला वाईट वाटतं.

कातळाच्या वरच्या टोकाला अकरा पायऱ्या आहेत. कुणी कधी खोदल्या कोण जाणे. पावसाळाभर त्यांच्यावर हिरवं शेवाळ असतं. तिथं अण्णा बसले आणि हात टेकत, बसत बसतच एकेक पायरी वर चढले. पोरगा खाली उभा राहून पाहत होता.

"आजोबा, इथं कुठला टायर?"

"इथं कुठलाच न्हाई."

एवढंच म्हणून ते वर गेले.

वर जांभा. छिद्राछिद्रांचा, खडबडीत, तांबडा दगड. टायरला सगळ्यांत सोपी जमीन ही. इथं त्याची मूळ जोडीसुद्धा छान चालली असती. पण या पठारांवर श्रावण-भाद्रपदात जी बारीक फुलं येतात, ती बोटभर मातीच्या थरावर उगवतात. कासचं पठार तर २०१२ सालापासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तिथं एक चाक फिरलं की तो चरा कितीतरी दिवस दिसतो. म्हणून वर आलो तरी आम्ही गाडीरस्त्याच्या कडेलाच बसलो. तुम्हीही तिकडे सायकल नेलीत तर चाक रस्त्यावरच ठेवा, एवढं हात जोडून सांगतो.

भाकरी, ठेचा आणि कांदा. खाताना अण्णा त्यांच्या दुधाच्या दिवसांबद्दल बोलले. दुकान काढायच्या आधी सात वर्षं ते याच वाटेनं रोज पहाटे दूध खाली आणत. काळी हर्क्युलिस, कॅरिअरच्या दोन बाजूंना दोन कॅन आणि अरुंद, साध्या नक्षीचे टायर. "उन्हाळ्यात हवा वेगळी, पावसात वेगळी," ते म्हणाले. "पावसाळा लागला की वॉलट्यूबचं नट ढिलं करायचं, थोडी सोडायची, अंगठ्यानं दाबून बघायची. मुरमापाशी परत चार पंप मारायचे. आन् त्या पायऱ्यांपाशी उतरायचं. कॅन काढायचे, एकेक खाली न्यायचा, मग सायकल न्यायची, परत कॅन लावायचे."

"रोज?"

"दूध सांडलं तर पैसं कुणी द्यायचं?"

मी त्या दोघांना डनलॉपची गोष्ट सांगितली. जॉन बॉयड डनलॉप मूळचा स्कॉटलंडचा, बेलफास्टमध्ये जनावरांचा डॉक्टर होता. मुलाच्या तीनचाकी सायकलला दगडी रस्त्यावर फार धक्के बसतात म्हणून त्यानं रबरी नळीत हवा भरून ती चाकाला बसवली, आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या आधी १८४५ मध्ये रॉबर्ट टॉमसननं तशीच कल्पना मांडली होती, पण ती तेव्हा रुजली नाही. जनावरांचा डॉक्टर म्हटल्यावर अण्णा खूश झाले. "म्हणजे त्यानं बी खुरं बघितली असणार," ते म्हणाले. तसं काही माझ्या वाचनात नाही, पण मी त्यांना अडवलं नाही.

पोराला दुसरी गोष्ट जास्त भावली. १९७६ सालच्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर काही तरुणांनी सायकलींची शर्यत लावली. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ ही अशा शर्यतींमधली पुढं नावाजलेली माणसं. त्यांच्याकडे माउंटन बाइक नव्हत्या, कारण तो प्रकारच अजून जन्मला नव्हता. होत्या त्या मुलांसाठी बनवलेल्या जुन्या, जड सायकली. पायडल उलटं दाबून लागणारा ब्रेक, आणि दोन इंचांहून जाड फुगीर टायर. असे टायर श्विन कंपनीनं १९३३ साली आणले होते. उतरताना मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं. दर फेरीनंतर हब उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावं लागे. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत 'रीपॅक' म्हणतात, आणि त्या शर्यतीचं नावही तेच पडलं. नव्या हलक्या सायकली सोडून त्यांनी ही धुडं का निवडली? कारण जाड टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि तो दगडावर बसतो. बाकीचं सगळं, गिअर, सस्पेन्शन, नंतर आलं.

"म्हणजे सुरुवात टायरपासून झाली," पोरगा म्हणाला.

"हवेपासून," अण्णा म्हणाले.

दुपारी दुकानात परत आलो तेव्हा अण्णांनी मला प्रेशर गेज काढायला सांगितला. पुढच्या चाकात ५० पीएसआय आणि मागच्यात ५२. डोंगरवाटेसाठी जवळजवळ दुप्पट हवा घेऊन तो जून-जुलैभर फिरत होता.

मग आम्ही त्याला ते डोळ्यांनी दाखवलं. मागच्या टायरला काळं वंगण फासलं, खाली वर्तमानपत्र ठेवलं, पोराला सायकलवर बसवलं आणि मी हँडल धरलं. चाक कागदावर टेकवून उचललं. ठसा आगपेटीपेक्षा लहान. हवा २८ वर आणली, पुन्हा वंगण, नवा कागद. आता ठसा आगपेटीहून बराच मोठा, आणि पहिल्या ठशात नुसत्या मधल्या ओळी होत्या तिथं आता शेजारच्या बटनांच्याही खुणा.

तो इंजिनिअरिंगचा, म्हणून हिशेब त्यानंच मांडला. सायकलसकट वजन ७६ किलो. बसल्यावर साधारण साठ टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे सुमारे ४६ किलो. भाराला हवेच्या दाबानं भागलं की टेकलेली जागा ढोबळमानानं मिळते. ५२ पीएसआय म्हणजे चौरस सेंटिमीटरला ३.६६ किलो, त्यावर आली सुमारे १३ चौरस सेंटिमीटर. २८ पीएसआयला आली २३. टायरच्या कापडाचा ताठरपणा यात धरलेला नाही, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण कागदांवर दिसलं तेच वहीत आलं. तो दोन्ही कागद शेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत होता.

"एक रुपया न लावता," तो हळूच म्हणाला.

आता टायर. त्याला वाटलं होतं मी यादी काढीन. मी त्याच्या मूळ जोडीतला, विकायला आणलेला एक टायर उचलला आणि मागच्या चाकाला लावला. जवळजवळ बटनांचा, थोडा कडक, मागच्या चाकासाठी चांगला टायर होता तो. बाजूवर ५७-६२२ असं लिहिलेलं. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायर रिमवर बसतो तिथल्या व्यासाचा. एकोणतीस इंची चाकाचा व्यास ६२२, साडेसत्तावीसचा ५८४, सव्वीसचा ५५९. टायर मागवताना इंचांपेक्षा हे आकडे पाहावेत. इंचांत घोळ होतो, यांत होत नाही. टायर फिरायच्या दिशेचा बाणही तिथंच असतो. उलटा चढवलेला टायर मी दर महिन्याला एखादा तरी पाहतो.

पुढच्यासाठी एकच नवा टायर मागवला. मध्यम उंचीची बटनं, त्यांच्यामध्ये माती सुटेल इतपत जागा, कडेला ठसठशीत ओळ आणि बटनांवर बारीक चिरा. त्या चिरांमुळे बटन ओल्या दगडावर थोडं उमलतं आणि त्याच्या कडा वाढतात. रबर मऊ. रुंदी मागच्यापेक्षा एक घर जास्त, पण आधी फोर्कमध्ये बोट घालून पाहिलं. टायर आणि फोर्क यांच्यात दोन्ही बाजूंना निदान करंगळीएवढी जागा राहिली पाहिजे, नाहीतर चिखल अडकून जूनचीच कथा पुन्हा. किंमत तो मागत होता तशा भारी टायरच्या निम्मी होती.

त्याचे नऊ हजारांचे चिखलाचे टायर विकायचे नाहीत, असं अण्णांनी निक्षून सांगितलं. दुकानातल्या खिळ्याला ते त्याच्या नावानं टांगून ठेवले.

पुढचे तीन आठवडे तो दर रविवारी यायचा, आता खिशात छोटा गेज आणि वही असायची. मुरमावर ३०, कातळावर २६, मग २४. चोविसावर एका दगडाच्या धारेवर मागचं चाक आपटलं आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडली. दगड आणि रिम यांच्या चिमटीत ट्यूब सापडली की अशीच जोडभोकं पडतात, आणि हवा कुठपर्यंत सोडायची याची हद्द तीच दाखवतात. पंक्चर काढताना मी म्हटलं, "ट्यूबलेस केलंस तर आणखी खाली जाता येईल. चिमटीत सापडायला ट्यूबच राहणार नाही, आणि बारीक भोक आतलं सीलंट बुजवेल. पण रिम तशी लागते." त्यानं विचार केला आणि म्हणाला, "पुढच्या वर्षी, काका. आधी या टायरांची ओळख होऊ दे." मागच्यात २८, पुढच्यात २५, यावर तो स्थिरावला. ते आकडे त्याच्या वजनाचे आणि त्याच्या टायरच्या रुंदीचे. तुमचे तुम्हाला तसेच शोधावे लागतील, वहीत लिहून, दोन-दोन पीएसआयनं खाली येत.

भाद्रपदात एका सकाळी तो एकटाच ती वाट उतरला आणि थेट दुकानात आला. गुडघ्याची पट्टी गेली होती, चेहऱ्यावर चिखलाचे शिंतोडे. मुरमावर वळताना पुढचं चाक कसं बसलं, कातळावर टायर दगडाला कसा लपेटला, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. पाणंदीत मागचं चाक थोडं भरलं होतं, काठीनं उकरून पुढं आला. अण्णा बाकावर बसून ऐकत होते.

"आन् पायऱ्या?" त्यांनी विचारलं.

तो थोडा थांबला. मला माहीत होतं, ही वाट पूर्ण सायकलवरून उतरायची म्हणूनच तो जूनपासून धडपडत होता.

"उतरलो तिथं," तो म्हणाला. "सायकल खांद्यावर घेतली."

अण्णांनी बाकावर सरकून त्याला जागा करून दिली आणि मला चहा सांगायला लावला.

या गोष्टीला आता दोन पावसाळे झाले. त्याची सायकल ट्यूबलेस झाली आहे, पुढचा टायर एकदा बदलून झाला आहे. खिळ्यावरची जोडी आषाढात पाणंदीसाठी निघते आणि श्रावणात धुऊन पुन्हा खिळ्यावर जाते. कॉलेजातली आणखी चार पोरं त्याच्याबरोबर यायला लागली आहेत, आणि कुणी नवा टायर मागितला तर तो माझ्याआधी विचारतो, "हवा किती ठेवतोस?" त्या अकरा पायऱ्यांपाशी तो अजूनही उतरतो, पाचही सायकली एकेक करून खाली जातात, आणि मग सगळे पुन्हा बसतात.